मामे-लोशन आणि मायबोली



यिद्दिश नावाची एक भाषा आहे. युरोपातल्या यहुद्यांची ही भाषा. ती बोलणारे लोक तिला प्रेमाने ‘मामे-लोशन’ म्हणतात. मामे म्हणजे आई आणि लोशन म्हणजे जीभ, बोली. या शब्दाचे मराठी करण्यासाठी शब्दकोश उघडायला नको. ‘मायबोली’ हा शब्द आपल्याकडे तयारच आहे. आणि योगायोग असा, की ‘मायबोली’ याच नावाचे एक मराठी त्रैमासिक १९८० च्या दशकात चक्क इस्रायलमध्ये सुरू झाले. ते काढणारे यहुदी होते आणि वाचणारेही यहुदी. त्यांची आडनावे मात्र रोहेकर, पेणकर, दिवेकर, चेऊलकर अशी, थेट आपल्या कोकणातली.

आज या दोन मायबोलींविषयी बोलायचे आहे. एक यिद्दिश आणि दुसरी मराठी. दोन्ही भाषा यहुदी कष्टकऱ्यांनी आपल्याबरोबर परक्या मातीत नेल्या. तिथे त्यांचे काय झाले, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण गाव सुटणे, धंदा सुटणे आणि त्यामागोमाग भाषा सुटणे हे आपल्याही दारात चालू आहे.

यिद्दिश कशी भाषा आहे? तिचा सांगाडा जुन्या जर्मनचा. त्यात धर्मग्रंथांतून आलेले हिब्रू शब्द, शेजाऱ्यांकडून आलेले पोलिश-रशियन शब्द. लिपी हिब्रू, उजवीकडून डावीकडे. यहुद्यांची पवित्र भाषा हिब्रू. ती प्रार्थनेची, पुरुषांच्या अभ्यासाची. यिद्दिश ही चुलीजवळची, बाजारातली, अंगाईची. म्हणून पंडितांनी तिला बरेच दिवस भाषाच मानले नाही. बिघडलेली जर्मन म्हणून नाक मुरडले. आपल्याकडे वऱ्हाडीला, झाडीबोलीला ‘अशुद्ध मराठी’ म्हणणारे काही कमी नाहीत, तसेच ते. पण याच बोलीत शोलेम आलेइखेम या लेखकाने तेव्ये नावाचा दूधवाला उभा केला आणि त्याला जगभर पोहोचवले. याच बोलीत लिहिणाऱ्या आयझॅक बाशेव्हिस सिंगर यांना १९७८ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता यहुदी आणि शेती यांचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. युरोपात बहुतेक ठिकाणी यहुद्यांना जमीन बाळगण्यावर बंधने होती. म्हणून ते व्यापार, शिवणकाम, सावकारी अशा धंद्यांत राहिले, आणि मग ‘हे लोक शेती करत नाहीत, नांगराला हात लावत नाहीत’ असे टोमणेही त्यांनाच ऐकावे लागले. १८८१ साली रशियाच्या झारचा खून झाला आणि यहुद्यांच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. १८८२ मध्ये कायदे आणखी कडक झाले. लाखो लोक देश सोडून निघाले. त्यांतल्या काहींनी ठरवले, की आता जिथे जाऊ तिथे जमीन कसू.

१८८२ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सीत अलायन्स नावाची वसाहत झाली. १८८९ च्या ऑगस्टमध्ये ‘वेझर’ नावाचे जहाज अर्जेंटिनाच्या ब्युनॉस आयर्स बंदराला लागले. त्यात आजच्या युक्रेनमधल्या पोडोलिया भागातले आठशेवर यहुदी स्त्री-पुरुष आणि मुले होती. ज्या जमिनीचा वायदा झाला होता ती त्यांना मिळाली नाही. सान्ता फे प्रांतातल्या एका रेल्वे स्थानकाजवळ हे लोक उघड्यासारखेच पडून राहिले. साथ आली आणि अनेक मुले दगावली. पुढे ज्या ठिकाणी ते स्थिरावले, त्या गावाला त्यांनी नाव दिले मोइसेसव्हिल, म्हणजे मोझेसचे, आपल्या मूसा पैगंबरांचे गाव. १८९१ साली बॅरन हिर्श या धनिकाने ज्यूइश कॉलनायझेशन असोसिएशन ही संस्था काढली आणि अर्जेंटिनात अशा वसाहती वाढत गेल्या.

ज्यांनी कधी नांगर धरला नव्हता ते गहू पेरायला शिकले, गुरे वळायला शिकले. तिथल्या गुराख्यांना ‘गाउचो’ म्हणतात. त्यांच्याकडून घोड्यावर बसणे आले, ‘माते’ नावाचा कढत काढा पिणे आले, आगीवर भाजलेले मांस आले. घरात बोली यिद्दिशच राहिली. गावात प्रार्थनागृह झाले, वाचनालय झाले, नाटकगृह झाले, सहकारी संस्था झाल्या. दिवसभर शेतात राबलेला माणूस संध्याकाळी यिद्दिश नाटक बघायला येऊन बसे.

पुढे काय झाले? तेच, जे सगळीकडे होते. मुले शाळेत गेली, शाळा स्पॅनिशमधून होती. दुष्काळ, टोळधाड, कर्ज हे पाठीला लागलेलेच. मुलांनी शहराची वाट धरली. अर्जेंटिनातल्या या वसाहतींत एक म्हण रूढ आहे, की आम्ही पेरला गहू आणि पीक आले डॉक्टरांचे! आईबापांनी ती अभिमानाने म्हटली असेल आणि एक आवंढा गिळूनही. या वसाहतींवरचे सर्वांत गाजलेले पुस्तक आल्बेर्तो गेर्चुनोफ यांनी १९१० साली लिहिले. ते यिद्दिश घरात वाढले होते. पुस्तक लिहिले स्पॅनिशमध्ये. म्हणजे एका पिढीतच कथा आईच्या भाषेतून नव्या देशाच्या भाषेत गेली. आज मोइसेसव्हिलमध्ये यहुदी मूठभर उरले आहेत.

यिद्दिशवर खरा घाव मात्र युरोपात पडला. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ही भाषा बोलणारे जगात एक कोटीच्या वर होते. हिटलरच्या राजवटीत साठ लाख यहुदी मारले गेले. त्यांतल्या बहुतेकांची भाषा यिद्दिश होती. माणसांबरोबर त्यांच्या म्हणी गेल्या, शिव्या गेल्या, अंगाया गेल्या. जे उरले ते नव्या इस्रायल देशात गेले, तर तिथे राष्ट्रभाषा हिब्रू. यिद्दिश म्हणजे लाचारीच्या दिवसांची आठवण, ती विसरा, असा नव्या राष्ट्राचा आग्रह होता. अगदी सुरुवातीच्या वर्षांत यिद्दिश नाटकांवर सरकारी बंधनेही आली. ज्या भाषेला शत्रूने मारायचा प्रयत्न केला, तिला आपल्याच माणसांनीही दारात उभे केले नाही. आज न्यूयॉर्क आणि इस्रायलमधले काही कर्मठ धार्मिक समाज ती घरात बोलतात. त्यांच्या मुलांच्या तोंडी ती जिवंत आहे, एवढा मोठा दिलासा.

आता आपल्या घराकडे वळू.

रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ नवगाव नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते, की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत या किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांना तिथेच मूठमाती दिली गेली. त्या जागी आज स्मारक आहे. गलबताबरोबर धर्मग्रंथ बुडाले. आठवणीत राहिली ती एक छोटी प्रार्थना, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि शनिवारची सुट्टी.

या लोकांनी कोकणात तेलाचा घाणा धरला. जोडीला नारळाची वाडी, भाताचे खाचर, गुरे. शनिवारी घाणा बंद. म्हणून गावाने त्यांना नाव दिले ‘शनिवार तेली’. शिवाच्या नंदीला मान म्हणून सोमवारी बैल सोडणारे हिंदू तेली ते ‘सोमवार तेली’. नागपूर भागातल्या श्रोत्यांना यात नवल वाटणार नाही. आपल्याकडेही तेली समाजात एकबैले, दोनबैले असे भेद होतेच. गावगाड्यात माणसाला ओळख मिळते ती त्याच्या कामावरून आणि सुट्टीच्या वारावरून. कोकणच्या गावाला या लोकांचा देव कोणता याची फार फिकीर नव्हती. हा शनिवारी तेल देत नाही, एवढे माहीत असले की पुरे होते.

आडनावे गावावरून पडली. रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, चौलचे चेऊलकर, राजपुरीचे राजपूरकर. ‘बूट पॉलिश’ चित्रपटात जॉन चाचा साकारणारे डेव्हिड, त्यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. इंग्रजीत लिहिणारे मोठे कवी निस्सीम इझिकेल याच समाजाचे. इंदिरा संतांच्या कविता वृंदा नाबर यांच्याबरोबर त्यांनी इंग्रजीत नेल्या.

आणि सण! मला सर्वांत मोह पडतो तो त्यांच्या सणांच्या जुन्या मराठी नावांचा. नवीन वर्ष म्हणजे ‘नव्याचा सण’. त्यानंतरचा ‘खिरीचा सण’. प्रायश्चित्ताच्या कडक उपवासाचा दिवस, ज्या दिवशी दारे लावून घरात बसायचे, तो ‘दारफाळणीचा सण’. त्याच्या दुसऱ्या दिवशीचा ‘शिळा सण’. होळीच्या सुमारास येणारा तो ‘होळीचा सण’. ज्या दिवसांत आंबट रसाचे भांडे झाकून ठेवायचे तो ‘अनाशी ढाकाचा सण’. शोकाच्या दिवसांत बिरडे खायचे म्हणून ‘बिरड्याचा सण’. उपवासाला शब्द होता ‘रोजा’. एका महिन्याच्या उपवासांना तर ‘रमजान’ म्हणत. हिब्रू नावे पुढे आली. शतकानुशतके जे देवाशी बोलणे झाले, ते वाल, खीर, दार आणि भांडे यांच्या भाषेत झाले.

त्यांचे धर्मकार्य चालवणाऱ्याला ‘काझी’ म्हणत. देवळाचा कारभारी ‘मुकादम’. प्रार्थनागृहाला सरळ ‘मशीद’ म्हणत. नवस फेडताना, शुभकार्यात जो विधी करतात त्याचे नाव ‘मलिदा’. गूळ किंवा साखर, ओले खोबरे घालून कालवलेले पोहे, वर फळे, आणि एलियाहू पैगंबरांचे गाणे. आमच्याकडे मलिदा म्हणजे पोळीचा चुरा, गूळ आणि तूप. त्यावर फातिहा होतो. पदार्थ वेगळा, प्रार्थना वेगळी, ताटावरचा शब्द एकच. अलिबागमध्ये ‘इस्राएल आळी’ आजही आहे. खुद्द अलिबाग हे नाव अली नावाच्या एका बेने इस्रायल बागाईतदाराच्या बागेवरून पडले, असे तिकडे सांगतात.

इथे यिद्दिश आणि बेने इस्रायलांची मराठी यांतला एक फरक लक्षात घ्यायला हवा. यिद्दिश ही यहुद्यांचीच भाषा. शेजारचा शेतकरी पोलिश किंवा युक्रेनी बोलायचा. वस्त्या वेगळ्या, भाषा वेगळी, आणि त्यामुळे भिंतही उंच. कोकणात बेने इस्रायल गावोगाव दोन-दोन चार-चार घरांनी विखुरलेले. तेल विकायचे तर गिऱ्हाइकाची भाषा हवी. छळ नव्हता, त्यामुळे आडोशाची भाषा लागली नाही. शेजाऱ्यांची मराठी हीच त्यांची मराठी झाली. बायका पातळे नेसत, मंगळसूत्र घालत, हिरव्या बांगड्या भरत. मटणाच्या रश्शात दूधदुभते चालत नाही, म्हणून नारळाचे दूध. नव्या वर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा. धर्माचा नियम पाळायला कोकणचा नारळ धावून आला.

अठराव्या शतकात ही मंडळी मुंबईला येऊ लागली. कंपनी सरकारच्या फौजेत भरती झाली. सामाजी हसाजी दिवेकर म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे त्यांतले एक. म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. समाजात कथा सांगतात, की धर्म विचारल्यावर त्यांनी ‘बेने इस्रायल’ असे सांगितले, तेव्हा टिपूच्या आईने हे नाव कुराणात आहे म्हणून त्यांना जीवदान द्यायला लावले. कथा कथेच्या जागी असो. कुराणात ‘बनी इस्राईल’ हा शब्द खरोखरच वारंवार येतो; एक अध्यायही त्या नावाने ओळखला जातो. सुटून आल्यावर दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत बेने इस्रायलांचे पहिले प्रार्थनागृह बांधले. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत. मस्जिद बंदर या स्थानकाचे नाव या यहुदी मशिदीवरून पडले, असेही सांगितले जाते.

एकोणिसावे शतक या समाजाच्या मराठीचा बहराचा काळ. हिब्रू शिकायची तर शिकायची कशातून? मराठीतून! जॉन विल्सन या मिशनरीने १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनांची पुस्तके मराठीत आणली. १८७४ साली पुण्यात ‘हग्गादा’ छापला गेला. मिसरच्या गुलामीतून सुटल्याची कथा सांगणारे, सणाच्या रात्री घरात वाचायचे हे पुस्तक. त्यात मराठी भाषांतर आहे आणि चित्रांत जमिनीवर बसून भाकरी करणाऱ्या बायका आपल्याकडच्या वेशात आहेत. १८७५ मध्ये हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत समाजासाठी शाळा काढली. यहुदी समाजाने मुंबईत उभ्या केलेल्या शाळांतून आज बहुसंख्य मुले मुसलमान घरांतली आहेत.

१८८० मध्ये तर ‘कीर्तनोत्तेजक मंडळ’ निघाले. बेने इस्रायल कीर्तनकार उभा राहून अब्राहम, योसेफ, मोझेस यांची आख्याने लावू लागला. ओव्या, साक्या, दिंड्या, पूर्वरंग, उत्तररंग, सगळे आपले. केहिमकरांनी आपल्या समाजाचा मोठा इतिहास इंग्रजीत लिहिला. तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ साली, तेल अवीवला छापला गेला. म्हणजे समाजाच्या आधी त्याचा इतिहास तिकडे पोहोचला.

समाज निघाला १९४८ नंतर. भारतात तेव्हा बेने इस्रायल वीस हजारांच्या आसपास होते. इथे कुणी त्यांना हाकलले नव्हते. प्रार्थनेत पिढ्यान्‌पिढ्या घेतलेले नाव, नव्या देशाचे आवाहन आणि इंग्रज गेल्यावर रेल्वे-कचेरीतल्या नोकऱ्यांची धास्ती, अशा अनेक कारणांनी ते गेले. तिथे त्यांना मुख्यतः वाळवंटाच्या कडेच्या नव्या गावांत वसवले. दिमोना, बीरशेबा, तसेच अश्दोद, लोद, रामले. कापडगिरण्या आणि कारखाने यांत मजुरी.

मन लगेच रमले नाही. १९५१ मध्ये काहींनी तेल अवीवला धरणे धरले, ‘आम्हाला भारतात परत पाठवा’ म्हणून. काही कुटुंबे १९५२ मध्ये खरोखरच परत आली. त्यांतली बहुतेक पुढे पुन्हा गेली. १९६० नंतर आणखी एक घाव बसला. तिथल्या धर्मगुरूंनी शंका काढली, की हे लोक अस्सल यहुदी आहेत का? यांच्याशी लग्ने लावण्याआधी आजी-पणजीची चौकशी करा. ज्यांनी ग्रंथ बुडाल्यावरही शनिवारचा घाणा बंद ठेवला, त्यांना हे ऐकावे लागले! बेने इस्रायल रस्त्यावर उतरले, जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसले. अखेर १९६४ साली तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले आणि धर्मगुरूंना तो आदेश मागे घ्यावा लागला.

अशा दिवसांत माणसाला काय सावरते? घरातली भाषा. मलिद्याचे ताट, पुरणपोळी, मेंदीची गाणी, मराठी नाटक. त्यातूनच ‘मायबोली’ त्रैमासिक उभे राहिले. कवी-संपादक नोहा मस्सील यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. १९९६ साली जागतिक मराठी परिषदेचे अधिवेशन इस्रायलमध्ये भरले. इकडच्या लेखकांना तिकडे मराठी बोलणारी आजी भेटली आणि तिच्याशी हिब्रूत बोलणारा नातूही भेटला. इथेही मोइसेसव्हिलचेच गणित आहे. पहिली पिढी स्वप्न मराठीत पाहते, दुसरीला समजते, तिसरीला गाण्याची चाल तेवढी येते.

आपल्याच देशातून गेलेल्या कोचीनच्या यहुद्यांची वाट थोडी वेगळी. ते शेतीच्या वस्त्यांवर गेले. नेवातीम या वाळवंटी वस्तीत १९५४ पासून त्यांनी शेती केली, फुले पिकवली. त्यांच्या बायकांनी मल्याळममधली जुनी यहुदी गाणी वह्यांत उतरवून ठेवली होती. त्या हाती लिहिलेल्या वह्यांमुळे ती गाणी वाचली आणि अभ्यासक त्यांच्यापर्यंत पोहोचू शकले. शेती करणारा एकत्र राहतो, म्हणून त्याची गाणी थोडी जास्त टिकतात. कारखान्याच्या पाळीत माणसे विखुरतात.

श्रोतेहो, इस्रायलचे नाव घेतले की आज कानात युद्धाच्या बातम्या वाजतात. ७ ऑक्टोबर २०२३ चा संहार आणि त्यानंतर गाझात मेलेली हजारो मुले, दोन्हींनी झोप उडावी असेच ते आहे. ते विसरून मी बोलत नाही. पण सरकार आणि समाज, राजकारण आणि आजीची बोली यांची एकच मोट बांधू नये, एवढे भान ठेवूनच मी इस्राएल आळीतल्या माणसांविषयी बोलतो आहे.

आणि मी का बोलतो आहे? मी जन्माने मुसलमान. कविता मराठीत लिहितो. आमच्या घरात आजी जे बोलायची, त्याला उर्दूवाले उर्दू म्हणणार नाहीत आणि मराठीवाले मराठी म्हणणार नाहीत. कविसंमेलनात कविता वाचून खाली उतरलो, की कुणीतरी पाठीवर हात ठेवून हमखास म्हणतो, ‘‘वा! तुमचं मराठी किती छान आहे हो!’’ म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण ज्याची भाषा असते, त्याला असे कुणी म्हणत नाही. दुसऱ्या बाजूने नातेवाईक विचारतात, ‘‘उर्दूत का नाही लिहीत?’’ म्हणजे एकाला वाटते ही भाषा माझी नाही आणि दुसऱ्याला वाटते ती माझी नसावी.

दोघांनाही उत्तर देताना मला बेने इस्रायल आठवतात. भाषेला सुंता नसते आणि शेंडीही नसते. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. अमर शेखांनी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत डफावर थाप मारली ती मराठीत. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा जमलेल्यांनी नवी भाषा मागितली नव्हती. जी तोंडात होती तिच्यावर आपली सही केली. भाषा त्याची, जो तिच्यात भाकरी मागतो, भांडतो आणि मुलाला निजवतो.

पण हक्क सांगून भाषा टिकत नाही. ती टिकते कामावर. यिद्दिश असो वा मराठी, एक गोष्ट दोन्हीकडे दिसते. आधी काम जाते, मग त्या कामाचे शब्द जातात आणि शेवटी बोलणाऱ्यालाच आपण काय हरवले ते आठवत नाही. घाणा गेला, मग बैलाच्या डोळ्यांवरची झापड, घाण्याची लाट, उरलेली पेंड, हे शब्द अधांतरी झाले. आपल्याकडे पेंडेला ढेप म्हणतात. गुरांसाठी ती अजून विकत आणतो म्हणून तो शब्द टिकला आहे.

आपल्या उमरेडचेच पाहा. रेशीमकाठी धोतरांसाठी हे गाव एके काळी नावाजलेले होते. कोष्टी बांधवांच्या आळीत मागाचा आवाज दिवसभर चाले. धोटा, फणी, कांडी, रहाट, ताणा, हे शब्द तेव्हा लहान पोरालाही ठाऊक होते. पुढे यंत्रमाग आले, गिरणीचे कापड आले, तरणी मुले कोळसा खाणीत, नागपूरच्या कंपन्यांत, आणखी दूर पुण्याला गेली. ती गेली हे चांगलेच झाले. उपाशी पोटी कुणी शब्द जपावेत असे मी म्हणणार नाही. मोइसेसव्हिलच्या शेतकऱ्याने मुलाला डॉक्टर केले, त्यात त्याचे काय चुकले? पण मुलगा डॉक्टर होत असताना बापाचे शब्द कुणीतरी लिहून ठेवायला हवे होते. ते काम मुलाला कुणी सांगितले नाही.

हे काम करता येते. १९८० साली अमेरिकेत आरन लान्स्की नावाच्या एका विद्यार्थ्याने पाहिले, की यिद्दिश वाचणारे म्हातारे गेले की त्यांची पुस्तके मुले-नातवंडे कचऱ्यात टाकतात, कारण त्यांना ती वाचता येत नाहीत. तो दारोदार हिंडला. तळघरांतून, पडक्या घरांतून, कचऱ्याच्या पेट्यांतून पुस्तके गोळा केली. त्याने काढलेल्या यिद्दिश बुक सेंटरने आजवर दहा लाखांवर पुस्तके वाचवली. म्हाताऱ्या माणसांनी पुस्तके देताना त्याला आधी बसवून जेवू घातले आणि एकेका पुस्तकाची गोष्ट सांगितली, असे त्याने लिहिले आहे. पुस्तकाबरोबर ती गोष्टही दिली गेली, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आपल्याला दहा लाख पुस्तकांची गरज नाही. प्रत्येकाच्या खिशात आज मोबाइल आहे आणि त्यात आवाज नोंदवायची सोय आहे. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. त्याला उपदेश विचारू नका. त्याला त्याचे काम विचारा. माग असेल तर मागाचे भाग, शेती असेल तर वखर-तिफणीचे भाग, मिरची खुडायला जात असेल तर मिरचीच्या जाती. आईला जात्यावरचे गाणे विचारा, नाहीतर निदान सणाला कोणते पदार्थ कोणत्या क्रमाने करायची ते विचारा. आवाज नोंदवा आणि शब्द वहीत लिहा. शाळेतल्या गुरुजींनी सातवी-आठवीच्या मुलांना दिवाळीच्या सुट्टीत एवढाच अभ्यास दिला, तर एका वर्षात तालुक्याचा शब्दकोश तयार होईल. त्यात कोष्ट्याचे, तेल्याचे, पिंजाऱ्याचे, कुंभाराचे शब्द शेजारी शेजारी बसतील. कोण कोणत्या देवाला हात जोडतो, याची चौकशी शब्दकोश करत नाही.

महाराष्ट्र सरकारने २०१६ साली यहुदी समाजाला अल्पसंख्याकाचा दर्जा दिला. समाज तोवर फार थोडा उरला होता. सगळ्या भारतात मिळून आज यहुदी चार-पाच हजार असतील. इस्रायलमध्ये मात्र भारतातून गेलेल्यांची वंशावळ सत्तर-ऐंशी हजारांच्या घरात आहे, आणि त्यांत सर्वांत मोठा हिस्सा बेने इस्रायलांचा. अलिबाग, पेण, पनवेल, रेवदंडा इथली त्यांची प्रार्थनागृहे उभी आहेत. कोकणात गेलात तर समुद्र पाहा, मासे खा, आणि अर्धा तास काढून इस्राएल आळीतही जाऊन या. तिथल्या जुन्या कबरींवर हिब्रूच्या जोडीला मराठी अक्षरे कोरलेली दिसतात. ज्यांनी देवाजवळ जाताना आपली ओळख आपल्या मराठीत लिहून ठेवली, त्यांची मराठी ही आपलीही मालमत्ता आहे. तिची नोंद आपल्या दप्तरी असू द्या.